गुडघाभर पाणी

हे प्रकरण लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आईच्या माहेराबद्दल, शाळेबद्दल, पाटबंधारे खात्यातल्या नोकरीबद्दल मी पानंच्या पानं लिहिली, पण त्या एका हिवाळ्याजवळ आलो की पेन खाली ठेवायचो. मागच्या खेपेला तर तो हिवाळा सरळ गाळूनच टाकला होता. मुलीने वाचून विचारलं, "बाबा, तुम्ही सिनेमात होतात ना? ते कुठे आहे?" आमच्या घरात ती गोष्ट कौतुकाची आहे. बाबा तरुणपणी सिनेमात होते, एक वाक्यही बोलले होते, असं सुनेच्या माहेरीसुद्धा सांगितलं जातं, आणि ते तसं पसरवणारा मीच. गेल्या महिन्यात नातवाने मोबाइलवर तो सिनेमा शोधून काढला. चित्र धुरकट होतं, पण मी ओळखू येत होतो. "आजोबा, हे तुम्ही," तो म्हणाला. मी मान हलवली. "आणि तुमच्या मागे पाण्यात हा कोण पळतोय?" मी म्हणालो, "असेल गावातला कोणी." एवढ्या वर्षांनी, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, दहा वर्षांच्या पोराशीही मी खोटं बोललो. म्हणून वही पुन्हा काढली आहे.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून आत, नागभीडच्या बाजूला. आम्ही ढिवर. घरासमोर अंगणात बांबूवर जाळी वाळत टाकलेली असायची आणि अंगणाला बारा महिने ओल्या सुताचा, चिखलाचा आणि वाळवलेल्या झिंग्यांचा वास असायचा. आई सकाळी लाखोळीची डाळ चुलीवर ठेवायची आणि वरच्या झाकणात पाणी घालायची; ते पाणी तडतडायला लागलं की आम्हाला जाग यायची. बाप, ज्याला सगळं गाव दमाजीभाऊ म्हणायचं, मितभाषी होता. तळ्याची राखण त्याच्याकडे होती. मालगुजारीच्या काळातलं ते तळं, पाळीच्या मातीच्या बांधावर मोहाची आणि आंब्याची झाडं, खाली सगळ्या गावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पाणी गावाचं आणि मासळी ढिवरांच्या सोसायटीची, अशी वाटणी होती.

आणि आमच्या घरात हरिपद होता. तो बंगाली. फाळणीनंतर तिकडून जे लोक आले, त्यांना सरकारने आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला जंगल तोडून जमिनी दिल्या. त्यांत हा एकटा होता. मागे कोणी उरलं नव्हतं असं तो एकदाच सांगून मोकळा झाला आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. त्याला पाच एकर मिळाली होती, ती त्याने सोडली. बापाला तो ब्रह्मपुरीच्या बाजारात भेटला, मासळीच्या टोपल्यांसमोर उकिडवा बसून माशांचे कल्ले उघडून पाहत होता. बापाने विचारलं, "काऊन गा, घेतं का नुसतंच पायतं?" तर तो म्हणाला, "दादा, मेरे से नांगर नाई चलता. जाल चलता है." बापाने त्याला घरी आणलं. दोन दिवसांसाठी म्हणून आणला तो सहा वर्षं राहिला. मी त्याला हरीदा म्हणायचो. माझं नाव गोविंदा, तो मला गोबिंदो म्हणायचा आणि आईला मा. मोहरी वाटून माशाला लावायची हे आई त्याच्याकडून शिकली. पहिल्यांदा तिने तोंड वाकडं केलं, म्हणाली, "हे मासोळी हाय का औषध?" पुढे बापच मोहरीचं कालवण मागायला लागला.

त्याची खरी विद्या माशांचं बीज आणण्याची. आमच्या तळ्यात तोवर मरळ, शिंगी असे आपोआप येणारे मासे असायचे. रोहू आणि कतल्याचं बीज आणायची कल्पना त्याची. तो कलकत्त्याकडे जायचा आणि ॲल्युमिनियमच्या हंड्यांत केसाएवढी पिल्लं घेऊन यायचा. हंड्यातलं पाणी सतत हाताने हलवत राहावं लागतं, नाहीतर पिल्लांना हवा मिळत नाही. हात थांबला की ती मरतात, इतकं सरळ. एका वर्षी मी त्याच्यासोबत गेलो होतो. परतीच्या दोन दिवसांच्या प्रवासात आम्ही आळीपाळीने हात हलवत बसलो. तो जास्त, मी कमी. नागपूरहून नागभीडच्या छोट्या गाडीत मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा त्याचे दोन्ही हात दोन हंड्यांत होते आणि तो खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणत होता. म्हणाला, "सो जाओ. तुम्हारा हंडा भी हम देखता." त्या वर्षी आमच्या तळ्यात जेवढं बीज जगलं तेवढं कुठे जगलं नाही.

तळ्याच्या पाण्याला बाहेर काढायची वाट म्हणजे तुडूम. पाळीच्या आतल्या बाजूला पाण्यात दगडी हौदासारखं बांधकाम असतं, त्याच्या तळाला भोक, आणि भोकात लाकडी दट्ट्या ठोकलेला. बांध्यांना पाणी द्यायचं तेव्हा बुडी मारून तो दट्ट्या काढायचा, पुरे झालं की पुन्हा ठोकायचा. पाण्याच्या दाबाखाली हे करायचं म्हणजे श्वास आणि अंदाज दोन्ही लागतात. गावात हे तीनच माणसांना जमायचं: बाप, हरीदा आणि मी. त्या वर्षी धान कापणीला आल्यावर हरीदाने सागाचा नवा दट्ट्या तासला, त्याला जुन्या जाळ्याच्या चिंध्या गुंडाळल्या, राळ आणि जवसाचं तेल उकळून त्याचा लेप दिला आणि तुडूम बंद केलं. आता उन्हाळ्यापर्यंत पाणी मासळीचं. मासे तेव्हा हातभर व्हायचे होते. सोसायटीची ती पहिली मोठी मासेमारी ठरणार होती, आणि परक्या माणसावर विश्वास टाकल्याबद्दल बापाला जे ऐकून घ्यावं लागलं होतं, त्याचं उत्तर त्या तळ्यात वाढत होतं.

दिवाळी झाली आणि सिनेमावाले आले. हिंदी सिनेमा होता, इतिहासातल्या लढाईचा. कंपनी सरकारने दूरदेशाहून आलेले भाडोत्री शिपाई, रोहिले आणि अरब, इथल्या गोंड सरदाराविरुद्ध लढायला आणलेत. हे लोक पोटासाठी घर सोडून आलेले. लढता लढता त्यांना कळतं की आपण ज्यांची घरं जाळतोय ती आपल्यासारखीच माणसं आहेत. मग एका सकाळी ते कंपनीची छावणी सोडतात, तळं ओलांडून सरदाराच्या बाजूला जातात. तळं ओलांडायचा तो प्रसंग आमच्या तळ्यात घ्यायचा होता. पाळीच्या पलीकडे तंबू पडले, लाकडी तोफा आल्या, आणि गावातल्या साठ माणसांना लाल कोट देऊन शिपाई केलं. आमचा पोलीस पाटील सीताराम आधी म्हणाला, "हे काय पोट्ट्याचे खेळ चालले?" तिसऱ्या दिवशी स्वतःच दाढी चिकटवून घोड्याजवळ उभा राहिला.

मला नाटकाचं वेड होतं. आमच्या झाडीपट्टीत हिवाळ्याभर गावोगाव नाटकं होतात, मी दोन-तीनदा भालदार-चोपदार झालो होतो आणि माझ्यात काहीतरी आहे अशी माझी समजूत होती. माथुर नावाचा एक सहायक होता, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. त्याने माझा चेहरा इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाला, पार उतरल्यावर एक तरुण रोहिला एक वाक्य बोलतो, ते तू बोल. वाक्य होतं: "आज से हमारा गाँव यही है।" मी ते म्हशींसमोर म्हटलं, आरशासमोर म्हटलं, घरी जेवताना म्हटलं. हरीदा ताटावरून वर न बघता म्हणाला, "भालो. लेकिन धीरे बोलो. नया आदमी जोर से नाई बोलता." आई हसली. त्याच्या बोलण्यात तेव्हा मला काही दिसलं नाही.

सिनेमाचा कॅमेरा चालवणारे घोषबाबू बंगाली निघाले. हरीदाने पाळीवर त्यांची भाषा ऐकली आणि डोक्यावरची टोपली तशीच धरून उभा राहिला. त्या दिवसापासून तो रोज दुपारी त्यांच्या तंबूजवळ जाऊन बसायचा, आईकडून मुरमुरे आणि हिरव्या मिरच्या घेऊन. दोघं खूप हसायचे. सहा वर्षांत मी त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं. गावाने ते पाहिलं आणि गावाला ते आवडलं नाही. "काय बोलून राह्यले असतीन बे?" असं लोक एकमेकांना विचारायचे, जणू न समजणाऱ्या भाषेत माणसं फक्त कटच करतात.

अडचण पाण्याची झाली. तळं छातीभर होतं आणि दिग्दर्शकाला गुडघाभर पाणी हवं होतं. छातीभर पाण्यात साठ माणसांची फक्त डोकी दिसतात, चालणं दिसत नाही. ते सोसायटीकडे आले. बाप म्हणाला, "पाणी नाई सोडता येत. मासोळी मरन." त्यांनी समजावलं, पैसे देऊ म्हणाले, पाटलालाही मध्ये घातलं. बाप तेच वाक्य पुन्हा म्हणाला. मग माथुर मला बाजूला घेऊन सिगारेट पेटवत बोलला, की आता दुसरं तळं बघतोय, पोंभुर्ण्याकडे एक आहे म्हणतात, तिथे तिथलीच माणसं घेऊ. "तेरा डायलॉग अच्छा था यार," तो म्हणाला. होता, म्हणाला. मला अजून तो शब्द आठवतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते; सोयरेधायरे येतात, दंडार नाचतात, गाव रिकामं होतं. घरातून आई-बाप बैलबंडीने गेले. मी म्हटलं, मित्रांबरोबर मागून येतो. भर दुपारी मी पाळीवरून पाण्यात उतरलो. माझा हिशेब असा होता की हात-दीड हात पाणी काढायचं आणि संध्याकाळच्या आत दट्ट्या परत ठोकायचा. पाणी पाळीतून मुरलं, असं कोणीही म्हटलं असतं. पहिल्या बुडीत दट्ट्या हललाही नाही. हरीदाचं काम होतं ते. मग मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन गेलो. तिसऱ्या बुडीत तो सुटला, पण उभा चिरला. अर्धा माझ्या हातात आला, अर्धा पाण्याने ओढून नेला. पाळीखालच्या दगडी नळातून पाणी सुटल्याचा आवाज मला पाण्यातही ऐकू आला. मी भोकात सदरा कोंबला, तो गेला. चिखल कोंबला, तोही गेला.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं लोकांनी केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही. हरीदा त्या वेळी मंडईला गेला नव्हता. तो पाळीच्या पलीकडे घोषबाबूंच्या तंबूजवळ बसला होता. मी एक हाक मारली असती तर तो धावत आला असता, आणि त्याला असल्या भोकाचं काय करायचं ते ठाऊक होतं. अर्ध्या तासात पाणी थांबलं असतं. मला शिव्या पडल्या असत्या, बापाने कदाचित हात उचलला असता. बस, एवढंच. मी हाक मारली नाही. घरी येऊन कोरडे कपडे घातले, वरून सिनेमाचा लाल कोट चढवला आणि आडवाटेने धावत मंडईला गेलो. तिथे ज्याला त्याला जाऊन भेटलो. पाटलाला मुद्दाम विड्याचं पान दिलं.

सकाळी धुकं होतं. तळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि त्यात मासे एकमेकांवर चढत होते. खालच्या बांध्यांत, कापलेल्या धानाच्या खुंटांमध्ये, रोहू तडफडत पडले होते. बायका टोपल्या घेऊन धावल्या, बाजूच्या गावचे लोक आले. सिनेमावाल्यांना हे सगळं देवानेच पाठवलं असं वाटलं. माथुर शिट्टी फुंकत आम्हाला रांगेत उभं करत होता, धुकं जायच्या आत घ्यायचं म्हणून. मी रांगेत उभा राहिलो. आम्ही साठ जण बंदुका डोक्यावर धरून चिखलातून चालत आलो, काठाला लागलो, मी वळलो आणि माझं वाक्य बोललो. माझ्या मागे, तळ्याच्या मधल्या खोलगट भागाकडे, हरीदा हंडा घेऊन धावत होता. काठाजवळचे जिवंत मासे उचलून तो खोल पाण्यात नेत होता. दिग्दर्शक ओरडला, "वो कौन है?" आणि घोषबाबू कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले, "रहने दीजिए."

तुडूम बापाने बंद केलं. वर आला तेव्हा त्याच्या हातात मी पाण्यातच टाकून दिलेला दट्ट्याचा अर्धा तुकडा होता आणि त्यावर सब्बलीचा व्रण होता. पाणी मुरलेलं नाही, कोणीतरी सोडलं, हे आता सगळ्यांना कळलं. दुपारी चावडीसमोर लोक जमले. प्रत्येकाच्या घरी मासोळी शिजत होती, वास येत होता.

"बुडी मारून दट्ट्या काढणारे गावात तीन," पाटील म्हणाला. "दमाजीभाऊ मंडईत होता, मी स्वतः पाह्यलं. गोविंदानं तं मले पान देल्लं. तू कुठी होता रे हरिपद?"

"घोषबाबू के पास," हरीदा म्हणाला. रात्रभर भिजलेल्यासारखा दिसत होता. "पूछो उनको."

लोक हसले. "त्याले काय पुसा? तोही तुह्याच मुलखाचा," मागून कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "अन् सिनेमात काय दाखवून राह्यले? बाहेरून आले, पलटले. यायची जातच तशी." खरं तर त्या सिनेमात पलटणारे शिपाई नायक होते, पण गावाने त्यातून एवढंच घेतलं होतं. कोणी हरीदाचे हात दाखवले. त्याच्या तळव्यांवर राळेचे काळे डाग होते. ते बारा महिने असायचे, लाकडी डोंग्यांना आणि दट्ट्यांना राळ तोच लावायचा, हे प्रत्येकाला माहीत होतं आणि त्या दुपारी कोणालाच माहीत नव्हतं. माझेही हात काळे होते. ते कोटाच्या खिशांत होते.

मग पाटील माझ्याकडे वळला. "गोविंदा, तू तं त्यायच्यात राहतं. हा त्या क्यामेऱ्यावाल्याजोळ बसते का नाई?"

मी म्हणालो, "हो. रोज बसते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढे नोकरीत मी अनेक चौकशांत साक्षी दिल्या, आणि दर वेळी मला हे आठवलं, की माणसाला संपवायला खोटं बोलावंच लागतं असं नाही. हरीदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, खिशांकडे.

त्याने गाव सोडावं असं ठरलं. "तू आणला, तूच काढ," लोक बापाला म्हणाले. बाप घरी आला आणि ओसरीवर बसला. मग म्हणाला, "हरिपद, मले गावात राहा लागते." हरीदा म्हणाला, "हाँ दादा." त्याने वाद घातला नाही, शपथ घेतली नाही. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. त्या दिवसापासून आमच्या घरी मोहरी वाटली गेली नाही.

सकाळी तो निघाला तेव्हा मी गोठ्यामागे हात घासत होतो. राख झाली, लिंबू झालं, राळ निघत नव्हती. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. खांद्यावर जाळं, हातात रिकामा हंडा. हंड्यातून त्याने एक चिंधी काढून माझ्यासमोर धरली. तिला रॉकेलचा वास होता.

"राल पानी से नाई जाता, गोबिंदो," तो म्हणाला. "मिट्टी तेल से जाता है."

मी चिंधी घेतली. तो पाळीवरून गेला. तळ्याजवळ क्षणभर थांबला, पाण्याकडे पाहिलं, मग मोहाच्या झाडांआड दिसेनासा झाला. माझे हात पाच मिनिटांत स्वच्छ झाले.

दीड-दोन वर्षांनी सिनेमा नागभीडला लागला. अख्खं गाव जीपगाड्या करून गेलं. बाप यायला तयार नव्हता, लोकांनी ओढून नेलं, तुमचा पोरगा पडद्यावर आहे म्हणून. तो प्रसंग आला. धुक्यातून साठ लाल कोट चालत येतात. मी वळतो. माझं तोंड हललं आणि आवाज कोण्या दुसऱ्याचाच आला, जाड, मुंबईकडच्या माणसाचा. "आज से हमारा गाँव यही है।" आणि माझ्या खांद्यामागे एक माणूस पाण्यात धावतो आहे, कमरेवर हंडा, एक हात हंड्यात. तो हात थांबत नाही, सारखा पाणी हलवतो आहे. पडद्यावर तो बैलाएवढा मोठा दिसत होता.

शिट्ट्या मारायला बसलेलं आमचं गाव गप्प झालं. ज्याने पाणी सोडलं तो माणूस असा धावेल का, हे कोणाला कळलं नसेल असं मी मानत नाही. पण कोणी बोललं नाही. बोललं असतं तर मग काय करायचं, हाही प्रश्न आला असता. बाप उठला आणि बाहेर गेला. मी मागे गेलो. तो भिंतीला टेकून विडी ओढत होता. ती संपेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "पाह्यलं?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "मंग?" बाप त्यानंतर अकरा वर्षं जगला आणि तळ्याच्या राखणीचं काम त्याने मला कधी दिलं नाही. सरकारने दिलं. जन्मभर मी कालव्यांची दारं उघडत आणि बंद करत राहिलो, आणि निवृत्तीच्या भाषणात साहेब म्हणाले की पाण्याच्या बाबतीत या माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवावा.

हरीदाला मी शोधलं ते निवृत्तीनंतर. चामोर्शीच्या पुढे, बंगाली लोकांच्या एका गावात, दोन तळ्यांच्या काठावर त्याचं घर होतं. जाण्याआधी मी खात्यातल्या एका बंगाली सहकाऱ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, त्याच्या भाषेत, कारण माझ्या भाषेत ते मला जमत नव्हतं. तो अंगणात जाळं विणत बसला होता. केस पांढरे, दात गेलेले. मला पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, "गोबिंदो? मा कैसी है?" आई जाऊन वीस वर्षं झाली होती. मी ते सांगितलं. त्याने जाळं खाली ठेवलं.

त्याच्या सुनेने जेवायला वाढलं. मोहरी लावलेला रोहू होता. मी वाक्याची सुरुवात जिभेवर आणत होतो तोच त्याने नातवाला बोलावलं आणि माझ्याकडे बोट करून त्याच्या भाषेत काही सांगितलं. पोराने वाकून माझ्या पायांना हात लावला. "काय सांगतलं तुमी त्याले?" मी विचारलं. हरीदा म्हणाला, "बोला, ये मेरे गाँव का आदमी है." माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि त्याच्याबरोबर तेही गिळलं.

तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला, काठी टेकत. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. बराच वेळ बस आली नाही. मग तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "वो तुडूम में अभी कौन सा दट्टा लगाते हैं?"

आज मला कळतं की त्याने दार उघडून धरलं होतं, आणि माझ्यासाठीच. इतक्या वर्षांत ते एकच दार होतं आणि आत यायला मला एक पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "आता दट्ट्या नाई, हरीदा. सिमेंट केलं. लोखंडी दार बसवलं."

"अच्छा," तो म्हणाला. "तो ठीक है."

बस आली. मी खिडकीशी बसलो. बस हलल्यावर, तो मागे पडल्यावर, काच बंद असताना मी ते वाक्य म्हटलं. शेजारच्या बाईने विचारलं, "मले काही म्हणून राह्यले का, भाऊ?" मी म्हणालो, "नाई, बाई." पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं. ते वाक्य अजून मला येतं. आमि टेनेछिलाम, हरीदा. आमाके माफ कोरो. दट्ट्या मी ओढला होता, मला माफ कर.